चुलबंद

धनलालभाऊंनी कारखान्याला नदीचं नाव दिलं
तेव्हा साकोलीच्या पानठेल्यावर लोक हसले.
चूल बंद करणारं नाव ठेवते का जी कोणी?
भाऊ म्हणाले, नदी आपली आहे, तिचा का दोष.

हायवेच्या खालच्या अंगाला पत्र्याची शेड,
मागं धानाच्या बांध्या,
आत आम्ही अकरा बाया
आणि एक कुलर. त्याचं तोंड
भाऊंच्या टेबलाकडे नसायचं.

दिवसाला साठ कीबोर्ड.
दुर्पता कापगते तारा जोडायची, तिच्या ओढणीला
कथलाचे बारीक थेंब चिकटून असायचे.
मी चाव्यांवर अक्षरं छापायची.
एनच्या चावीवर खाली ल, वर ळ.

हा ळ आमच्या तोंडात कधी बसला नाही.
आमची सकाळ सकार होते, जवळचं जवर,
डोळा दुखला तर डोरा दुखते.
पण छापताना त्याच्यासाठी मी श्वास धरून ठेवायची.
शाई थोडी जास्त झाली
की त्याची दोन्ही पोटं बुजायची.
बुजलेल्या ळंचा एक डबा भरला होता,
बिस्किटाचा.

शेवटी, झाकण लावायच्या आधी,
आतल्या हिरव्या पट्टीवर पेनानं लिहायचं : शे.
म्हणजे शेवंतानं तपासला.
तहसीलीत मला कोणी खुर्ची दिली नसती,
पण साहेबाच्या बोटांखाली, अंधारात,
माझा शे बसून होता.

मग एका टेंडरात अट आली, उलाढाल पाच कोटी.
भाऊंनी चष्मा कपाळावर सारून
पाचापुढची शून्यं बोटानं मोजली,
पुन्हा मोजली.

नागपूरच्या पार्टीनं आम्हाला घेतलं.
नागपूरला पुण्यानं घेतलं.
पुण्याला दिल्लीनं.
दिल्लीला कोणी, ते भाऊंनाही कळलं नाही.

ते म्हणाले, चुलबंद वैनगंगेत जाते,
वैनगंगा वर्धेला भेटली की प्राणहिता,
पुढं गोदावरी.
समुद्रात कोण विचारते
यातलं साकोलीचं पाणी कोणतं?
मला राग आला होता त्या दिवशी.
नदी जाता जाता बांध्या तरी भिजवते.

आधी छापलेल्या चाव्या येऊ लागल्या, आम्ही नुसत्या बसवायच्या.
मग अख्खे कीबोर्डच आले, खोक्यांवर बंदराचे शिक्के,
आम्ही फक्त स्टिकर लावायचे :
चुलबंद, साकोली.
मग स्टिकर लावूनच आले.
दुर्पता म्हणाली, आता आपनच उरलो बाई,
आपल्यावर कोन लावल?

शेडमध्ये आता धानाची पोती आहेत.
कुलर कोणी नेला माहीत नाही.
भाऊ लोकांचे सोलर पंपाचे फॉर्म भरून देतात
मोबाइलवर, एका अंगठ्यानं.

मागच्या पौषात सोसायटीच्या ऑफिसात गेली
तर एक पोरगा कीबोर्ड उघडून बसला होता.
मावशी, फेकतो हा, साडेतीनशेत नवा येते.
हिरव्या पट्टीवर निळा शे.
अजून ओला असल्यासारखा.

सांगितलं नाही त्याला काही.
मागून घेतला, पिशवीत, मेथीच्या जुडीखाली.

घरी चाव्या उपसल्या,
साबणाच्या पाण्यात भिजवल्या,
सुपात पसरून उन्हात ठेवल्या.
शेजारची पोरगी आली, तिसरीतली,
एकेक उचलून विचारत बसली,
हा कोनता? हा?
एनची चावी तिच्या तळव्यावर.
खालचा ल बोटांनी खाऊन टाकलेला,
वरचा शाबूत, दोन्ही पोटं उघडी.

तो ना, मी म्हटलं,
आणि म्हणायला गेली
तर र निघाला.

पोरगी हसली. तिला येतो म्हणता,
शाळेत शिकवला आहे.